निळ्या पडद्यावर काय लिहिलं होतं?

हं, पेटीवाले, सूर जरा धरून ठेवा, सोडू नका. तबल्याला घोटभर पाणी द्या कुणीतरी, म्हणजे तबलजीला हो! बुक्का सगळ्यांना लागला? खांबाला टेकलेल्या काकांनाही लावा, जागे होतील. झालं? मग मंडळी, ऐका!

मघापासून ब्रह्म झालं, माया झाली, तुम्ही माना डोलावल्या. किती कळलं ते तुमचं तुम्हाला ठाऊक, किती सांगता आलं ते मला ठाऊक. आता एक साधा प्रश्न. माणसाच्या तोंडातून बाहेर पडायला सगळ्यांत जड शब्द कोणते?

कोण म्हणालं ‘माझं चुकलं’? छे! ते आपण रोज म्हणतो की! बायकोला म्हणतो, तेही जेवायच्या आधी. ‘देतो’? जड आहे खरा, पण मांडवाच्या वर्गणीला निघतो कसाबसा. नाही मंडळी. सगळ्यांत जड शब्द तीन: ‘मला येत नाही!’

खोटं वाटतं? परगावी जा आणि पत्ता विचारा. ज्याला ठाऊक आहे तो बोटानं दाखवून मोकळा होतो. ज्याला ठाऊक नाही तो काय करतो? तो तुम्हाला पिंपळापर्यंत नेतो, डावीकडे वळवतो, पूल ओलांडायला लावतो, आणि शेवटी म्हणतो, ‘तिथं कुणालाही विचारा!’ पण ‘मला माहीत नाही’? प्राण गेला तरी म्हणणार नाही!

का बरं? हे तीन शब्द इतके जड कुणी केले? याचं उत्तर देणारी गोष्ट सांगतो. पुराणातली नाही हं. करमाळ्यातली.

करमाळ्यात एक दामूअण्णा वीरकर होते. तरुणपणी पेंटर. पाट्या रंगवायचे. आणि कसे रंगवायचे! डेअरीच्या पाटीवर म्हैस काढली, तर सकाळी बादली घेऊन दोघं जण पाटीखाली बसलेले! फळवाल्याच्या पाटीवर केळीचा घड काढला, तर माकडांनी पाटी पळवली! हसू नका, पाटी अजून सापडलेली नाही. मराठी म्हणा, इंग्रजी म्हणा, त्यांचं अक्षर असं, की न शिकलेला माणूससुद्धा पाटीपुढं थांबायचा आणि म्हणायचा, ‘वा!’

पण पंचविसाव्या वर्षी काचबिंदू झाला. आधी कडा गेल्या, मग मधलं गेलं. वर्षभरात अंधार! ब्रश पेटीत गेले.

रडत बसले नाहीत दामूअण्णा. तेव्हा सरकार अपंगांना टेलिफोनचे बूथ देत असे. त्यांनी घेतला. पिवळी खोकी, काचेचं दार, आत लाल फोन. आठवतं ना? बूथ चालला आणि लग्न झालं. बायकोचं नाव कलावती. मग आले मोबाइल! ज्याच्या त्याच्या खिशात बूथ, तर खोक्यात कोण जाणार? बूथ बंद झाला. त्यानंतर पंधरा वर्षं हा माणूस घरात बसून. कलावती शिवणकाम करी आणि हे बटणं लावून देत. चांगली लावत, शर्ट फाटेल पण बटण निघायचं नाही! पण मंडळी, ज्याच्या पाटीखाली गाव थांबत होतं, त्यानं बटणं लावायची? जिभेवर येत नसे, पण घशाशी असे.

पुढं काय झालं, एका संस्थेच्या शिबिरात दामूअण्णा कॉम्प्युटर शिकले. आता म्हणाल, बुवा, आंधळा माणूस कॉम्प्युटर कसा चालवणार? अहो, त्यात वाचून दाखवणारा एक प्रोग्रॅम असतो. बोट ठेवाल तिथलं मोठ्यानं वाचतो, बाईच्या आवाजात! दामूअण्णांनी त्या आवाजाचं नाव ठेवलं मंजुळा.

कलावती म्हणाली, “दिवसभर तिच्याशीच बोलता!”

अण्णा म्हणाले, “ती दोनदा विचारलं तरी चिडत नाही.”

“मग भाकरी पण तिच्याच हातची खा!”

असा संसार! जुनाच कॉम्प्युटर, कुणाच्या तरी ऑफिसातून निघालेला. त्याचा पंखा सुरू झाला की शेजारची पिठाची गिरणी लाजून बंद पडे. पण चालायचा.

आणि एक दिवस पुण्याहून फोन आला. अंधांसाठी पुस्तकं तयार करणाऱ्या एका ग्रंथालयाचा. ब्रेलमध्ये छापायच्या आधी पुस्तक कॉम्प्युटरवर तपासायला त्यांना माणूस हवा होता. घरी बसून काम. तिथल्या बाई म्हणाल्या, “वीरकर, सोमवारी सकाळी अकराला पहिलं पुस्तक पाठवते. फक्त आमचा प्रोग्रॅम जुन्या कॉम्प्युटरवर चालत नाही. तेवढं अपडेट करून ठेवा. जमेल ना?”

“जमेल की!” दामूअण्णा म्हणाले. छाती अशी फुगली की लावलेलं बटण पहिल्यांदा तुटलं!

अपडेट म्हणजे काय? कॉम्प्युटरची आतली जुनी बुद्धी काढायची आणि नवी बसवायची. माणसात हे जमत नाही, म्हणून मशीनमध्ये करतात. बटण दाबलं की नवी बुद्धी खाली उतरते. मग कॉम्प्युटर स्वतःच बंद होतो, पुन्हा सुरू होतो आणि आपल्या आतली झाडलोट करत बसतो. पण त्या झाडलोटीच्या वेळी मंजुळा जागी नसते! अवाक्षर बोलत नाही. डोळस माणूस पडद्याकडे बघून बसतो. आंधळ्यानं काय करायचं?

गुरुवारी सकाळी दामूअण्णांनी अपडेट सुरू केलं. मंजुळा म्हणाली, “संगणक पुन्हा सुरू होत आहे.” आणि गप्प! अण्णांनी माळ काढली. त्यांचं घड्याळ म्हणजे ती माळ. चार माळा झाल्या की अर्धा तास. एक माळ झाली, दोन झाल्या. पंखा घुरघुरतोय, मंजुळा नाही. चार झाल्या!

“कला, जरा इकडं ये गं. पडद्यावर काय दिसतंय?”

कलावती हात पुसत आली. “निळं आहे सगळं.”

“निळं?” अण्णा दचकले. शिबिरात सांगितलं होतं, निळा पडदा आला म्हणजे मशीन मेलं! “काही लिहिलंय का गं त्यावर?”

कलावतीनं पडद्याकडं पाहिलं. मग नवऱ्याकडं पाहिलं. म्हणाली, “नाही. काही नाही.”

संपलं! अण्णांनी बटण दहा सेकंद दाबून धरलं. पंख्यानं मान टाकली. पुन्हा सुरू केला, तर बराच वेळ गेल्यावर मंजुळा बोलली: “अपडेट पूर्ण होऊ शकलं नाही. केलेले बदल मागे घेतले आहेत.” म्हणजे जुनी बुद्धी जागच्या जागी!

आता मंडळी, तुम्हाला इथंच सांगून टाकतो, कारण देवापुढं लपवाछपवी नको. त्या निळ्या पडद्यावर लिहिलेलं होतं! पांढऱ्या अक्षरांत, ठसठशीत! शेजारी आकडाही होता. खाली ठिपक्यांचं रिंगण फिरत होतं. सगळं होतं! पण ते इंग्रजी होतं, आणि मराठीत सांगणारी मंजुळा तेव्हा झोपलेली. कलावती चौथी शिकलेली. मराठी बोट ठेवून वाचे, पण इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. आणि नवऱ्याला वाटत होतं की तिला येतं.

“मग आकडा तरी सांगायचा,” असं म्हणताय ना माई? आकडा तिला येत होता. पण आकडा सांगितला की पुढचा प्रश्न काय? ‘त्याच्या शेजारी काय लिहिलंय?’ मग? म्हणून तिनं सगळंच पुसून टाकलं. एवढंसं खोटं झाकायला केवढं मोठं खोटं लागतं बघा! चिंधी झाकायला सतरंजी!

शुक्रवार उजाडला. दामूअण्णांना कुणाला विचारणं म्हणजे कमीपणा. ते काय कमी होते? म्हणाले, जागा कमी पडत असेल. मंजुळेला विचारून विचारून जुन्या फायली काढल्या. पुन्हा अपडेट, माळ, निळं, ‘काही नाही’, बटण, आणि ‘बदल मागे घेतले आहेत’! मग प्रिंटरची वायर काढली. तेच! व्हायरस पकडणारा पहारेकरी असतो, त्याला तासभर सुट्टी दिली. तेच! शनिवारी सगळं पुसलं, वायरी घट्ट केल्या, कॉम्प्युटरला उदबत्तीसुद्धा ओवाळली. तेच!

पाच वेळा मंडळी! पाच वेळा तो बिचारा तीस टक्क्यांपर्यंत चढला आणि पाच वेळा अण्णांनी त्याचा गळा धरला.

रविवारी सकाळी मात्र अण्णांचा ताठा मोडला. त्यांनी स्टँडजवळच्या लतीफभाईंना फोन लावला. लतीफभाई कॉम्प्युटर दुरुस्त करणारे. गावात मशीन शिंकलं तरी त्यांना दुकानात ऐकू जातं! पण ते सोलापूरला पुतणीच्या लग्नात, मागं सनई.

“बोला अण्णा! मंगळवारी येतो, चालेल?”

“मंगळवार कसला! उद्या अकराला काम यायचंय.” अण्णांनी सगळं सांगितलं. जागा, वायर, पहारेकरी. फोन स्पीकरवर होता. कलावती दाराशी भाजी निवडत होती.

लतीफभाई ऐकत राहिले आणि म्हणाले, “तुम्ही केलंत ते सगळं बरोबर आहे. माझ्या दुकानातले लोक एवढं करत नाहीत. पण अण्णा, मशीन आजारी नाही. त्याला मध्येच कुणीतरी मारतंय.”

“मीच बंद करतो. मेल्यावर.”

“मेलंय हे कशावरून?”

“निळा पडदा येतो. आणि त्याच्यावर काही लिहिलेलं नसतं.”

तिकडं सनई थांबली. लतीफभाई म्हणाले, “असं होत नाही अण्णा. निळ्या पडद्यावर काही ना काही लिहिलेलं असतंच. वहिनींना नीट बघायला सांगा.”

दाराशी निवडणारे हात थांबले. आता काय होणार? अण्णा ओरडणार? ‘डोळे फुटले का तुझे’ म्हणणार? तुम्ही-आम्ही असतो तर म्हणालो असतो!

दामूअण्णा म्हणाले, “लतीफभाई, कला सांगते ते बरोबरच असणार. अठ्ठावीस वर्षं तिच्या डोळ्यांनी चालतोय, एकदा ठेच लागू दिली नाही तिनं. पडदाच बिघडला असेल.”

आणि फोन ठेवला.

मंडळी, शिव्या दिल्या असत्या तर ती माउली उलटून बोलली असती. पण हा विश्वास! हा कुठं ठेवायचा? मेथीची जुडी मांडीवरून खाली पडली तरी तिला कळलं नाही.

अण्णांनी पुन्हा फोन हातात घेतला.

“कुणाला लावताय?” कलावतीनं विचारलं.

“पुण्याच्या बाईंना. सांगतो, दुसरा माणूस बघा. उगीच त्यांचा खोळंबा नको.” आणि हसण्याचा आव आणून म्हणाले, “तुझ्या शर्टांची बटणं आहेतच की.”

आणि फोनवर बोट फिरवू लागले. एक आकडा. दोन. तीन...

“नका लावू!”

कलावती अशी ओरडली, की अण्णांच्या हातातला फोनच खाली पडला.

“नका लावू फोन! लिहिलेलं असतं. दर वेळी असतं. पांढरं, मोठ्ठं. मला... मला वाचता येत नाही हो!”

निघाले! अठ्ठावीस वर्षं घशात अडकलेले शब्द निघाले!

“येत नाही? अगं, तूच म्हणाली होतीस, शेजारच्या बाईंकडे इंग्रजी शिकलीस!”

“खोटं सांगितलं.”

“का पण?”

“तुम्ही हसला होता.”

“मी? कधी?”

तिनं सांगितलं. मंडळी, तिनं वारसुद्धा सांगितला! लग्नाला दोन महिने झालेले. मंगळवार, बाजाराचा दिवस, बूथमध्ये गर्दी. अण्णांनी तिच्या हातात एक कार्ड दिलं, म्हणाले, यावर नाव काय आहे बघ. कार्ड इंग्रजी. ती डोळ्यांपुढं धरून उभी. तेवढ्यात एक गिऱ्हाईक म्हणालं, “वहिनी, कार्ड उलटं धरलंय!” सगळा बूथ हसला. “आणि त्यात सगळ्यांत मोठ्यानं तुम्ही हसलात. मग वर्षभर येईल त्या पाहुण्याला ती गंमत सांगत होतात. मी चहा घेऊन यायची, आणि तुम्ही उलट्या कार्डाशी पोचलेले असायचात.”

दामूअण्णा आठवायला लागले. कपाळाला हात लावून आठवलं. नाही आठवलं! हसणाऱ्याला कधी आठवतं का हो? त्याची पाच पळांची करमणूक. ज्याच्यावर हसलं त्याला मात्र त्या दिवशीचं लुगडं आठवतं, चहाचे कप आठवतात!

अण्णांनी कपाळावरचा हात खाली घेतला. मग म्हणाले, “कला, मला आठवत नाही. म्हणजे मी फारच मोठ्यानं हसलो असणार.” आणि हात पुढं केला. “ये. खुर्ची ओढ. परत लावू अपडेट. मलाही या पडद्यावरचं काही येत नाही आणि तुलाही नाही. दोघं मिळून बघू, काय येतं ते.”

दुपारी बारा वाजता सहाव्यांदा अपडेट लागलं. मंजुळा म्हणाली, ‘पुन्हा सुरू होत आहे,’ आणि झोपली. पडदा निळा झाला.

“आलं लिहिलेलं!” कलावती म्हणाली.

अण्णांनी तळहात पसरला. “यावर काढ. जसं दिसतंय तसं, बोटानं. नाव नको सांगू, नुसतं काढ.”

तिनं बोट टेकवलं. एक उभी काठी. तिच्या पोटाला धनुष्य. अण्णा म्हणाले, “हं. पुढं.” एक गोल. “हं.” तिरप्या काठीनं जोडलेल्या दोन काठ्या. “हं!” अहो, हजार पाट्या रंगवलेला तो हात! डोळे विसरले, पण हात अक्षर विसरला नव्हता. बोट चुकलं की अण्णा म्हणत, “ही काठी जरा लांब आहे का बघ,” आणि ती पुन्हा पडद्याकडं बघून म्हणे, “हो हो, लांबच आहे!” अर्धा तास लागला मंडळी! एक ओळ वाचायला अर्धा तास! जिला वाचता येत नाही तिनं लिहिलं, आणि ज्याला दिसत नाही त्यानं वाचलं!

काय होतं त्या ओळीत? ‘बंद करू नका कॉम्प्युटर. काम चालू आहे.’

दामूअण्णांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. “अगं कला, पाच वेळा तो हात जोडून सांगत होता, ‘बाबा रे, मी जिवंत आहे, मला मारू नका!’ आणि मी पाचही वेळा...”

“त्याच्या शेजारी तीस आहे,” ती म्हणाली. “आकडे येतात मला.”

“मग सांग की मोठ्यानं!”

“तीस!”

बसले दोघं. पण तो आकडा हलेल तर शपथ! एक वाजला. तीस. भाजी तशीच, चूल थंड. दीड वाजला. तीस! अण्णांची बोटं चुळबुळायला लागली. सवय हो! हात आपोआप बटणाकडे निघाला. कलावतीनं तो मनगटाशी धरला आणि म्हणाली, “लिहिलंय ना, बंद करू नका! मी वाचलंय!”

‘मी वाचलंय!’ काय तोऱ्यात म्हणाली असेल ती माउली!

अण्णांनी हात मागं घेतला. आणि एकतीस झाले. मग पन्नास. मग गाडी घाट उतरल्यासारखी सुटली, सत्तर, नव्वद! साडेतीन वाजता पंखा शांत झाला, पडदा उजळला आणि मंजुळा बोलली: “स्वागत आहे. अपडेट पूर्ण झालं.”

सोमवारी अकराला पहिलं पुस्तक आलं. साडेअकराला दामूअण्णांनी पुण्याला फोन करून पहिल्याच पानावरच्या तीन चुका सांगितल्या. बाई गार! तेव्हापासून त्या घरात रोज दुपारी एक अक्षर गिरवलं जातं. बोट अण्णांचं आणि तळहात कलावतीचा.

मंडळी, मी विचारलं होतं, ‘मला येत नाही’ हे शब्द इतके जड कुणी केले? ते जन्मतः जड नसतात हो. पोर दिवसातून शंभरदा म्हणतं, ‘नाही येत, दाखव ना!’ किती हलके शब्द! मग कुणीतरी हसतं. एकदा, चारचौघांत. आणि त्या दिवसापासून दगड बसतो.

आता खरं सांगा, तुम्ही कुणावर हसला होता? आठवत नाही ना? मलाही नाही आठवत. तिथंच तर भीती आहे. तुमच्या घरात आत्ता कुणीतरी ‘काही नाही’ म्हणून गप्प बसलंय. सासूबाई मोबाइल नुसता हातात धरून बसतात. सूनबाईला पुरणपोळी जमत नाही म्हणून ती सणाला डोकं दुखवून घेते. नवी कामवाली औषधाच्या बाटलीवरचं नाव विचारत नाही. तुम्ही त्यांना म्हणता आळशी, म्हणता हट्टी. अहो, त्यांचं मशीन बिघडलेलं नाही! कधीतरी तुम्हीच मध्येच बटण दाबलंय!

आरतीला उठायच्या आधी एक करा. देवाला साक्ष ठेवून शेजारच्याकडे वळा. वळा हो, लाजू नका! आणि आपल्याला न येणारी एक गोष्ट त्याला सांगा. खरी सांगायची. आणि ऐकणाऱ्यानं फक्त एवढंच म्हणायचं: ‘बरं. आपण मिळून बघू.’

करा सुरू. मी थांबतो.

काका, तुम्ही काकूंकडे वळलात, उत्तम! काय म्हणताय? चहा करता येत नाही? चाळीस वर्षांनी सांगितलंत? काकू, अहो काकू... हसायचं नाही!